चुकीला जागा ठेवणारे शहाणपण

दहावी-बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी रत्नागिरीत आता कुणाला नवी वाटत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे वेगळे विभागीय मंडळ झाल्यापासून हे असेच चालत आले आहे. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. या बातमीला जोडून दुसरे एक विधान हमखास येते: हा जिल्हा म्हणजे नररत्नांची खाण. लोकमान्य टिळकांचा जन्म इथला. धोंडो केशव कर्वे आणि पांडुरंग वामन काणे हे दोन भारतरत्न इथले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, तेही मंडणगड तालुक्यातले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे दापोलीकडच्या मुर्डीचे. हा अभिमान रास्त आहे. पण त्याच्या पोटात एक समजूत आहे आणि ती तपासायला हवी. हुशारी पुरेशी साठली, तिच्यावर वयाचे आणि अनुभवाचे थर चढले, की तिचेच शहाणपण होते, अशी ती समजूत. शाळेच्या बक्षीस समारंभात, गावाच्या बैठकीत, मंत्रालयातल्या फायलींवर आपण तिच्याच आधाराने चालतो. जो अधिक जाणतो तो अधिक शहाणा असे धरतो आणि निर्णय त्याच्या हाती सोपवून मोकळे होतो.

ही समजूत मला उथळ वाटते, आणि या जिल्ह्याला ती महागही पडली आहे. माझे म्हणणे असे: शहाणपण हा डोक्यातल्या साठ्याचा गुण नव्हे, तो निर्णयाचा गुण आहे. निर्णय शहाणा आहे की नाही, हे तीन प्रश्नांवरून ओळखता येते. आपल्याला काय माहीत नाही, याची नोंद त्या निर्णयात आहे का? ज्यांना परिणाम भोगायचे आहेत त्यांच्या माहितीला त्यात वजन मिळाले आहे का? आणि आपण चुकलो असे पुढे कळले, तर मागे वळायला वाट ठेवली आहे का? प्रश्न तीन असले तरी त्यांचे मूळ एक आहे. ‘मी चुकू शकतो’ असे म्हणणारी नम्र माणसे पुष्कळ भेटतात. ती जाणीव करारात, नियमात, वेळापत्रकात, बागेच्या मशागतीत उतरवणारी थोडी असतात. शहाणपण या उतरवण्यात आहे.

१. दाभोळ: हुशारीला सगळे माहीत होते

गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ उभ्या राहिलेल्या दाभोळ वीज प्रकल्पाची गोष्ट भ्रष्टाचाराची किंवा परदेशी कंपनीच्या लोभाची म्हणून सांगितली जाते. तो भाग मी बाजूला ठेवतो. मला त्यात दिसते ते वेगळे आहे: अतिशय हुशार माणसांनी, अतिशय बारकाईने, चुकीला जराही जागा न ठेवता केलेला एक करार.

१९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी बोलणी सुरू झाली आणि १९९३ च्या डिसेंबरात वीज खरेदीचा करार झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटी ठरलेले शुल्क वीज मंडळाने द्यायचे, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे राज्याची विजेची मागणी अंदाजाप्रमाणे वाढेल, रुपया फार घसरणार नाही, इंधनाचे भाव आटोक्यात राहतील, ही तिन्ही गृहीतके एकाच वेळी खरी ठरणे आवश्यक होते. त्यांतले एक जरी खोटे ठरले तर नुकसान सोसणारा पक्ष आधीच ठरलेला होता. १९९३ मध्ये डॉलरला साधारण ३१ रुपये पडत, २००१ मध्ये ४७ च्या आसपास. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, वीज मंडळाला ती वीज परवडेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. पुढे २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली.

हे सगळे झाल्यावर सुचलेले शहाणपण आहे, असे कुणी म्हणेल. तसे नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या योग्य ठरत नाही असे सांगून कर्जाला नकार दिला होता. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने करारातले आकडे मांडून दाखवले होते. प्रकल्पाच्या गावांतून विरोध होतच होता. १९९५ मध्ये आलेल्या नव्या सरकारने करार मोडलाही, आणि पुन्हा बोलणी करून प्रकल्पाची क्षमता आधीपेक्षा वाढवून तो स्वीकारला. म्हणजे माहितीची टंचाई कोणत्याही टप्प्यावर नव्हती. वकील, अर्थतज्ज्ञ, अभियंते, सनदी अधिकारी असे सगळे जाणकार बैठकीला हजर होते. त्यांतल्या कुणाचे काम ‘आपण चुकलो तर काय’ हा प्रश्न विचारण्याचे नव्हते, आणि ज्याने तो बाहेरून विचारला तो विकासाचा विरोधक ठरला.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. हुशारी दिलेल्या उद्दिष्टाकडे नेणारा सर्वांत चांगला मार्ग शोधते. उद्दिष्टामागची गृहीतके तपासण्याची सक्ती तिच्यावर नसते. त्यामुळे ती कितीही वाढवली तरी शहाणपणापर्यंत आपोआप पोहोचत नाही. उलट, चुकीच्या दिशेने ती माणसाला अधिक वेगाने आणि अधिक खात्रीने नेते.

२. अज्ञान वेळापत्रकात लिहिणे

याच जिल्ह्यातून जाणाऱ्या कोकण रेल्वेकडे आता पाहू. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले आणि १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा उंच पूल या अभियांत्रिकी कर्तृत्वाच्या खुणा आहेत आणि त्यांचे कौतुक सर्वत्र होते. पण या रेल्वेतली मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट म्हणजे तिचे पावसाळी वेळापत्रक.

२२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि सुमारे पन्नास माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तिथेही कारण रुळांवर आलेले दगड हेच होते. यानंतर डोंगरउतारांची कामे, पावसातली रात्रंदिवस गस्त आणि कमी वेगाची शिस्त अधिक कडक झाली. दर पावसाळ्यात गाड्या हळू धावतात, प्रवास लांबतो, गणपतीला येणारा चाकरमानी वैतागतो.

या व्यवस्थेमागचा विचार नीट पाहायला हवा. जांभा आणि त्याखालची माती किती पाणी प्यायल्यावर सुटते, याचा सर्वसाधारण नियम भूवैज्ञानिकाला ठाऊक असतो. कोणता दगड कोणत्या रात्री सुटेल, हे कुणालाच ठाऊक नसते. हुशारीचा मार्ग हे अज्ञान कमी करण्याचा: यंत्रे बसवा, जाळ्या लावा, उतार बांधून काढा. तो मार्ग घ्यायलाच हवा, आणि तो घेतलाही गेला. पण त्यानंतर जे अज्ञान उरते त्याचे काय? तेवढ्यापुरती गाडी हळू चालवायची, म्हणजे गस्तीवरच्या माणसाचा इशारा मिळाल्यावर चालकाला ती थांबवता येईल. जे कळत नाही त्याची किंमत रोज, थोडी थोडी, वेळेच्या रूपात चुकवायची. ही किंमत दिसते आणि टळलेला अपघात दिसत नाही, म्हणून असा निर्णय टिकवून धरणे अवघड असते. कोरडा जून गेला की वेग वाढवण्याची मागणी होणारच.

सॉक्रेटिसापासून पुष्कळांनी सांगितले आहे की स्वतःच्या अज्ञानाची जाणीव म्हणजे शहाणपण. मला ते अपुरे वाटते. जाणीव झाल्यावरही माणूस पूर्वीच्याच वेगाने जाऊ शकतो. अज्ञानाने वेग बदलला तरच ती जाणीव निर्णयापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.

३. किंमत कोण मोजतो

हापूसचे कलम एक वर्ष भरून येते, दुसऱ्या वर्षी विसावते. हा विसावा मोडण्यासाठी कल्टार या नावाने परिचित असलेले पॅक्लोब्युट्राझोल वापरतात. पावसाळ्याच्या मध्यावर ते झाडाच्या बुंध्याभोवती मातीत दिले की पालवीची वाढ रोखली जाते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो, आणि वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्यांना चढा भाव मिळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याचे प्रमाण आणि जोडीला द्यायच्या खतांची शिफारस केलेली आहे. औषध वाईट नाही. पण तेच औषध, तीच माहिती, तितकीच हुशारी असलेली दोन माणसे दोन वेगळे निर्णय घेतात. बाग स्वतःची असेल आणि पुढे मुलाकडे जायची असेल, तर मालक मात्रा सांभाळतो, शेणखत घालतो, एखादे वर्ष झाड सोडूनही देतो. बाग कराराने एक-दोन हंगामांसाठी घेतलेली असेल, तर मात्रा वाढते आणि झाड पिळून निघते. करारदार स्वभावाने वाईट असतो असे मुळीच नाही. झाड थकेल तेव्हा तो तिथे नसणार, एवढाच फरक. सगळे करारदार असे वागतात असेही नाही; जे एकच बाग वर्षानुवर्षे सांभाळतात ते मालकासारखेच वागताना दिसतात, आणि त्यामुळे माझा मुद्दा अधिक पक्का होतो.

म्हणून दुसरा निष्कर्ष: निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा यांच्यातले अंतर वाढले की शहाणपण कमी होते, ज्ञान कितीही असो. हे अंतर काळाचे असू शकते, जागेचे असू शकते, पदाचेही असू शकते.

पदाच्या अंतराने काय होते ते २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात दिसले. तिवरे धरण फुटले, भेंदवाडीतली घरे वाहून गेली, वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. धरणाला गळती आहे असे गावकऱ्यांनी आधी कळवले होते. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला पाणी कुठून झिरपते, किती वाढले, गढूळ झाले का, हे जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कुणाला असणे शक्य नाही. पण त्याचे हे ज्ञान कार्यालयात पोहोचते ते तक्रार म्हणून. तक्रारीला आवक क्रमांक मिळतो, तिचा निपटारा होतो. पुरावा म्हणून तिचे वजन होत नाही. दुर्घटनेनंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचे स्पष्टीकरण जलसंधारण मंत्र्यांनी दिले, तेव्हा लोकांचा संताप झाला तो योग्यच होता. माझ्या दृष्टीने त्याहून गंभीर प्रश्न पूर्वीचा आहे: ज्यांचा जीव पणाला लागला होता त्यांच्या माहितीला व्यवस्थेत ज्ञानाचा दर्जाच नव्हता. अभियंत्याची पदवी आणि गावकऱ्याची नजर यांच्यात निवड करा असे मी म्हणत नाही. दुसरी पहिलीपर्यंत पोहोचेल अशी वाट मोकळी ठेवणे हाच शहाणपणाचा भाग होता, आणि त्या वाटेवर कुणी नव्हते.

४. मागे वळण्याची वाट

काही चुका दुरुस्त होतात, काही होत नाहीत. हा फरक साधा आहे, तरी निर्णय घेताना तो क्वचितच पहिल्यांदा विचारात येतो. रत्नागिरी-राजापूर परिसरातले सडे, म्हणजे कातळाची पठारे, महसुली नजरेला बहुतेक पडीक दिसतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिथे काळा कातळच. या कातळावर कोरलेली चित्रे गावकरी पिढ्यानपिढ्या पाहत आले होते. गेल्या काही दशकांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ती शोधली, नोंदवली. उक्षी, कशेळी, बारसू, रुंढेतळी, देवीहसोळ, जांभरूण इथली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पडीक म्हणून ज्या जमिनीकडे पाहिले जात होते तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनाचा पुरावा निघाला.

समजा, शोध लागण्यापूर्वी त्या जागी चिऱ्याची खाण निघाली असती. खाण काढणाऱ्याने कायदा मोडला नसता, त्याला काही माहीतही नसते. पण कापलेला चिरा पुन्हा कातळाला चिकटवता येत नाही. आणि असे किती सडे आधीच कापले गेले याचा हिशेब आता कधीच लागणार नाही. म्हणून शहाणा निर्णय पुराव्याचे ओझे समान ठेवत नाही. जे परत मिळवता येते त्याबाबत त्याने धीट व्हावे, जे परत मिळवता येत नाही त्याबाबत हट्टाने पुरावा मागावा. रस्ता चुकीच्या ठिकाणी केला तर खर्च वाया जातो, पुन्हा करता येतो. देवराई तोडली, खाजण बुजवले, सडा कापला, तर पुढच्या पिढीकडे पैसा असूनही उपयोग नसतो.

५. शहाणपण म्हणजे सावधपणा नव्हे

इथवरचे वाचून असे वाटू शकते की मी जपून वागण्याचा, मधल्या मार्गाचा, चार लोकांचे ऐकण्याचा उपदेश करतो आहे. शहाणपणाबद्दलची ही दुसरी उथळ समजूत, आणि पहिलीइतकीच रुजलेली. तिला उत्तर कर्व्यांच्या आयुष्यात आहे.

१८५८ मध्ये जन्मलेले आणि मुरुडला वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, एका विधवेशी, विवाह केला. मुरुडच्या लोकांनी बहिष्कार घातला. ज्यांनी तो घातला ते गावातले अनुभवी, वयस्क, व्यवहार कळणारे लोक होते. रूढ अर्थाने शहाणेच. कर्व्यांचे पाऊल सावध नव्हते. मग ते शहाणे कशावरून? प्रयोगाची पहिली किंमत त्यांनी स्वतःच्या घरातून मोजली, यावरून. अर्थात त्या किमतीचा मोठा वाटा गोदूबाईंनी उचलला, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कामाने जे शिकवले त्याप्रमाणे त्यांनी दिशा बदलली, यावरूनही. १८९३ मध्ये पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी स्थापली. दोनच वर्षांत तिचे नाव आणि धोरण बदलून विवाहाच्या वाटेतले अडथळे दूर करण्यावर भर दिला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, तेव्हा आश्रमातले शिक्षण आणि पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी वेगळा ठेवला, कारण दोन्ही एकत्र केले तर घरचे लोक विधवा मुलीला शिकायलाच पाठवणार नाहीत. कट्टर सुधारकाला यात माघार दिसेल. मला यात विलक्षण धैर्य दिसते: स्वतःच्या मताचा विजय लांबणीवर टाकून दुसऱ्याचे आयुष्य आधी उभे करण्याचे धैर्य. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पहिल्या वर्षीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आकडा लहान होता म्हणून चूक सुधारता येत होती. विठ्ठलदास ठाकरसींचे १५ लाख रुपये १९२० मध्ये आले, तोवर काम स्वतःच्या पायांवर चालायला शिकले होते.

काण्यांबद्दलही थोडे सांगतो, कारण विद्वत्ता आणि शहाणपण यांची गाठ कुठे पडते ते त्यांच्यात दिसते. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले, साडेसहा हजारांच्या आसपास पाने. इतक्या विद्वत्तेतून एखादा माणूस ‘शास्त्र असे सांगते’ म्हणून दरारा निर्माण करू शकला असता. काण्यांनी साधने कालक्रमाने मांडली आणि शास्त्रकार एकमेकांशी किती असहमत होते, आचार कसे बदलत गेले, ते दाखवले. पूर्वी मान्य असलेल्या अनेक गोष्टी कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध, ठरवून परंपरेनेच कशा बाजूला केल्या, याचे त्यांचे विवेचन मला फार मोलाचे वाटते. परंपरेत दुरुस्तीची सोय होती आणि ती वापरली जात होती, हे ज्याला कळले त्याला आजच्या दुरुस्तीची भीती वाटत नाही.

६. एकट्याचे शहाणपण समुद्रात बुडते

आतापर्यंत व्यक्तींबद्दल बोललो. पण रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर उभे राहिले की व्यक्तीचे शहाणपण किती अपुरे असते ते कळते. पावसाळ्यात मासा अंडी घालतो, समुद्रही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न लोटण्याची रीत त्यातून आली. आज १९८१ च्या राज्य कायद्याखाली यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने कडक मर्यादा घातल्या, दिव्यांच्या झोतात मासे ओढून पकडण्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी आणली. तरी पारंपरिक मच्छीमारांना याच प्रश्नांवर पुन्हा पुन्हा आंदोलन करावे लागते.

एखादा तांडेल मनाने कितीही शहाणा असो, त्याने सोडलेला मासा शेजारची नौका उचलणार असेल, तर त्याच्या संयमाने समुद्रात काही उरत नाही, त्याच्या खलाशांच्या घरी मात्र चूल थंडावते. अशा ठिकाणी ‘प्रत्येकाने शहाणपणाने वागावे’ हा उपदेश अन्यायकारक आहे. शहाणपण इथे नियमात, गस्तीत, दंडाच्या खऱ्या वसुलीतच राहू शकते. म्हणून शहाण्या माणसांचा शोध घेत बसण्यापेक्षा शहाण्या व्यवस्था उभारणे अधिक निकडीचे आहे, असे मी म्हणतो. स्थितप्रज्ञाचे वर्णन आपल्याकडे शतकानुशतके झाले. स्थितप्रज्ञ नसलेल्या माणसांकडूनही बरे निर्णय कसे होतील, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप अनुभवाचा. केस उन्हात पांढरे झालेले नाहीत, असे वडीलधारी माणसे म्हणतात त्याला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण मर्यादित. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाणपणाचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा तारुण्यानंतर नुसत्या वाढत्या वयाबरोबर शहाणपण वाढते असे त्यांना आढळले नाही. कॅनडातले इगोर ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१४ मध्ये दाखवले की लोक दुसऱ्याच्या अडचणीबद्दल जितक्या शहाणपणाने विचार करतात तितका स्वतःच्या अडचणीबद्दल करत नाहीत, आणि या बाबतीत वयस्कही तरुणांसारखेच असतात. अनुभव शिकवतो तो चूक मान्य करणाऱ्याला. चाळीस वर्षे एकच चूक करणाऱ्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव असतोच.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. परिणाम भोगणाऱ्यांना विचारत बसलो, परत फिरण्याची वाट शोधत बसलो, तर काहीच उभे राहणार नाही. कोकण आधीच मागे राहिले आहे. जैतापूरचा अणुवीज प्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी या प्रत्येक वादात हा आक्षेप ऐकू आला, आणि तो मांडणाऱ्या तरुणाची नोकरीची गरज खरी आहे. तिला हलके लेखणारा माणूस पोट भरलेला असतो. पण कोकण रेल्वे आणि दाभोळ हे दोन्ही प्रकल्प मोठेच होते, एकाच दशकातले, याच जिल्ह्यात आलेले. पहिला धावतो आहे, कारण चुकल्यावर त्याला स्वतःला बदलता आले. दुसरा अडकला, कारण त्याच्या करारात बदलाला शिक्षा होती. शहाणपण प्रकल्पाच्या आकाराच्या विरोधात नसते. प्रकल्पाच्या कागदांत ‘हे गृहीतक खोटे ठरले तर’ असे पान आहे का, ते पान गावाला वाचायला मिळाले आहे का, एवढे ते विचारते. ते पान नसेल, तर नोकऱ्यांचे आश्वासनही त्याच खोट्या खात्रीने दिलेले असण्याची शक्यता मोठी.

तिसरा आक्षेप नीतीचा. चोरही पळण्याची वाट ठेवतो, मग तोही शहाणा का? नाही, कारण त्याने केलेल्या नुकसानीची किंमत दुसरा मोजतो आणि त्या दुसऱ्याला विचारलेले नसते. तीन प्रश्नांतला मधला प्रश्न यासाठीच आहे. तो काढून टाकला तर उरते ती चतुराई.

निर्णय इथे, मुक्काम तिथे

रत्नागिरीच्या बाबतीत हा मधला प्रश्नच सर्वांत अवघड आहे, असे मला वाटते. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली. २०११ च्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ उघड आहे. परीक्षेत पहिली येणारी मुले मुंबई-पुण्याला जातात, पुरुष कामासाठी जातात, सात-बारावरची सामाईक नावे बहुतांशी तिकडे राहतात आणि जमिनीचे, बागेचे, गावाच्या वाटेचे निर्णय गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीत, घाईत होतात. मागे राहून भात लावणारी, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाते हे जाणणारी, डोंगरातला झरा कधी आटला हे सांगू शकणारी बाई निर्णयाच्या कागदावर अनेकदा कुठेच नसते. जाणारे हुशार आणि राहणारे मागासलेले, अशी विभागणी आपण नकळत मान्य केली आहे. शहाणपणाचा जो अर्थ मी मांडतो आहे त्यात ही विभागणी टिकत नाही. परिणामांच्या सर्वांत जवळ जी राहते तिच्याकडे असे ज्ञान आहे जे गुणपत्रिकेत मोजले जात नाही आणि मुंबईहून मिळवताही येत नाही.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, अशी तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरते. खाणपट्टा, धरणाची दुरुस्ती, बागायतीसाठी कूपनलिका, प्रकल्पासाठी जमीन, यांपैकी कोणताही विषय असला तर त्या सभेत कोण काय बोलली ते शब्दशः इतिवृत्तात यावे, त्यातल्या प्रत्येक हरकतीला तांत्रिक अधिकाऱ्याने लेखी उत्तर द्यावे, आणि ते उत्तर पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच सभेपुढे तपासायला ठेवावे. यासाठी नवा कायदा नको, मोठा निधी नको. गळतीची सूचना देणाऱ्या माणसाला आवक क्रमांकाऐवजी उत्तर मिळेल, आणि ते चुकले तर कुणाचे चुकले हे गावाला ठाऊक असेल.